घरच्या नॅसमध्ये जास्तीची रॅम बसवायची आहे, सुसंगत रॅम कशी निवडावी?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी,

ठाण्यात कोलशेत रोडला आमच्या घरी सिनॉलॉजीचा डीएस२२०+ हा दोन ड्राइव्हचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइल साठवण्याचा छोटा संगणक) आहे. त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क असून एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील अशी मांडणी केली आहे. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप त्यावर उतरावेत आणि वडिलांनी स्कॅन केलेली घराची व सोसायटीची कागदपत्रे एका जागी राहावीत, एवढ्याचसाठी तो घेतला होता. पुढे हळूहळू कामे वाढत गेली. आता त्यावर फोटोंमधले चेहरे ओळखण्याची सोय सुरू आहे आणि कंटेनर मॅनेजरमध्ये घरातली स्मार्ट उपकरणे सांभाळणारा होम असिस्टंट, जाहिराती अडवणारा पाय-होल व चित्रपट-गाणी दाखवणारा जेलीफिन असे तीन कंटेनर (स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्राम) चालतात.

अलीकडे व्यवस्थापनाचे पान उघडायला फार वेळ लागतो, डिस्क कोणी काही करत नसतानाही सतत कुरकुरत असतात आणि जेलीफिनचा कंटेनर अधूनमधून आपोआप बंद पडलेला आढळतो. यंत्रात मुळात २ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. कंपनीच्या माहितीपत्रकानुसार त्यात ४ जीबी घालून एकूण ६ जीबीपर्यंत जाता येते, पण याच यंत्रात लोक ८ जीबी आणि १६ जीबीसुद्धा घालतात असे बऱ्याच ठिकाणी वाचले.

माझ्यासमोर सध्या तीन पर्याय आहेत. पहिला, कंपनीची अधिकृत ४ जीबी रॅम, जी त्याच क्षमतेच्या साध्या रॅमच्या मानाने बरीच महाग आहे. दुसरा, बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढून ठेवलेली ८ जीबीची रॅम, जिच्या लेबलवर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१-११’ असे छापलेले आहे. तिसरा, स्टेशनजवळच्या दुकानदाराने दाखवलेली नवी ८ जीबीची ३२०० वेगाची रॅम, जिच्यावर केवळ चारच काळ्या चिप दिसतात. त्याच दुकानात डीडीआर३एल प्रकारची एक स्वस्त रॅमही ‘बसून जाईल’ असे सांगून पुढे केली गेली, पण माझी खात्री पटली नाही.

यांपैकी कोणती रॅम घ्यावी, आणि मुळात रॅम वाढवल्याने माझा त्रास कमी होईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खाडीकिनारा

कोलशेतकर, तुमचा शेवटचा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

डीएसएममधील (सिनॉलॉजीच्या नॅसवरील कार्यप्रणालीतील) रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीचा भाग पाहा. तिथे राखीव, वापरात असलेली, बफर, कॅश्ड आणि मोकळी असे भाग वेगवेगळे दाखवलेले असतात. मोकळी रॅम जवळजवळ शून्य दिसते म्हणून अनेक जण घाबरतात, पण कॅश्ड हा भाग गरज पडताच रिकामा करता येतो; लिनक्स प्रणाली रिकामी रॅम फुकट पडू न देता अलीकडे वाचलेल्या फाइल तिच्यात धरून ठेवते, आणि हे चांगलेच लक्षण आहे. टंचाई ओळखायची ती ‘वापरात’ हा भाग सतत फुगलेला आहे का आणि स्वॅपचा, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या जागेचा, वापर वाढत चालला आहे का, यावरून. रात्री फोटो उतरत असताना आणि सकाळी घरात कोणी काही वापरत नसताना, अशा दोन्ही वेळी हे आकडे पाहा.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही लक्षणांचा मेळ मात्र टंचाईशीच बसतो. रॅम अपुरी पडली की प्रणाली तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या स्वॅप विभागात हलवते, आणि डीएसएम हा स्वॅप विभाग यंत्रातल्या सगळ्या ड्राइव्हवर आरसाप्रतीच्या रूपात ठेवते, त्यामुळे दोन्ही डिस्क एकदमच कामाला लागतात. कोणी काही करत नसताना येणारी कुरकुर बहुधा तीच आहे. स्वॅपही पुरेनासा झाला की कर्नल (प्रणालीचा गाभा) सर्वाधिक रॅम खाणारी एखादी प्रक्रिया स्वतःहून बंद करतो, आणि जेलीफिन त्यात सापडणे स्वाभाविक आहे. २ जीबीमध्ये चेहरे ओळखणे आणि तीन कंटेनर हे ओझे जास्तच आहे, त्यामुळे रॅम वाढवण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. मोठ्या फाइल नॅसवर चढवण्याचा वेग यामुळे वाढणार नाही. तुमच्या यंत्राचे नेटवर्क पोर्ट १ गिगाबिटचे आहेत आणि एका पोर्टातून सेकंदाला साधारण ११० एमबीच्या वर काही जात नाही. वायफायवरून तर त्याहून कमीच.

आता सुसंगततेकडे येते. डीएस२२०+ मध्ये इंटेलचा सेलेरॉन जे४०२५ हा प्रोसेसर आहे. त्याला लॅपटॉपच्या आकाराची, म्हणजे एसओ-डिम प्रकारची, २६० पिनांची, १.२ व्होल्टची, ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करण्याची सोय) नसलेली डीडीआर४ रॅम लागते. यातली एकही गोष्ट तडजोडीची नाही. दुकानदाराने पुढे केलेली डीडीआर३एल २०४ पिनांची आणि १.३५ व्होल्टची असते, तिच्यातली खाच वेगळ्या जागी असते आणि ती या स्लॉटमध्ये बसूच शकत नाही. जोर लावून बसवायचा प्रयत्न केला तर स्लॉट तुटेल आणि मग पूर्ण बोर्डच बदलावा लागेल. डीडीआर५ २६२ पिनांची असते, त्यामुळे तीही बाद.

वेगाच्या बाबतीत मात्र बरीच मोकळीक आहे. जे४०२५ साठी इंटेलने डीडीआर४ चा कमाल वेग २४०० असा जाहीर केला आहे. कंपनीच्या अधिकृत रॅमवर २६६६ छापलेले असले तरी हा प्रोसेसर ती २४०० नेच चालवणार, आणि ३२०० ची रॅम घातली तरी तेच होणार. प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते, जिच्यात ती कोणकोणत्या वेगांना आणि वेळांना (म्हणजे प्रतिसादाला लागणाऱ्या विलंबांना) चालू शकते याची नोंद असते. यंत्र सुरू होताना ती नोंद वाचून दोघांना जमेल असा वेग ठरतो. गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, एक्सएमपी हा शब्द मिरवणाऱ्या रॅम मात्र टाळा. त्यांच्या खोक्यावरचा वेग बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो, काहींना त्यासाठी जास्त व्होल्टेजही लागते, आणि नॅसमध्ये असली सोय तुमच्या हातात नसते. त्या वेगासाठी मोजलेले जास्तीचे पैसे इथे वायाच जातील.

आता तुमच्याकडच्या लॅपटॉपच्या रॅमचे लेबल वाचू. ‘१आर’ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक संच), ‘एक्स८’ म्हणजे तिच्यावरची प्रत्येक चिप ८ बिट रुंदीची. ६४ बिटांची रुंदी भरून काढायला अशा आठ चिप लागतात, त्या मोजून पाहा. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. ‘२४००टी’ मधला आकडा वेगाचा आणि ‘टी’ हे १७-१७-१७ या वेळांचे चिन्ह. २६६६ च्या रॅमवर त्या जागी ‘व्ही’ असते, म्हणजे १९-१९-१९. ‘एसए१’ मधला ‘एस’ एसओ-डिम असल्याचे सांगतो, आणि ‘ए१’ ही छापील पट्टीच्या प्रमाणित आराखड्याची खूण. तुमच्या यंत्राला जे हवे ते सगळे या एका ओळीत आहे, आणि वेग तर प्रोसेसरच्या जाहीर मर्यादेइतका नेमका आहे.

दुकानातल्या चार चिपांच्या रॅमवर ‘१आरएक्स१६’ असे छापलेले असणार. तिच्यातली प्रत्येक चिप १६ बिट रुंदीची असल्यामुळे चारच पुरतात आणि ती स्वस्त पडते. ती चालणारच नाही असे नाही, पण डीडीआर४ मध्ये एक्स८ चिपेत चार बँक गट (चिपेतले स्वतंत्रपणे काम करणारे विभाग) असतात आणि एक्स१६ चिपेत दोनच, त्यामुळे ती थोडी संथ असते. निवडीला वाव असताना मी एक्स८ च घेईन. इथे फसगत कशी होते तेही सांगते: किंग्स्टनच्या ‘केव्हीआर३२एस२२एस८/८’ आणि ‘केव्हीआर३२एस२२एस६/८’ या दोन्ही ८ जीबीच्या ३२०० वेगाच्या लॅपटॉप रॅम आहेत. नावात फरक फक्त ‘एस८’ आणि ‘एस६’ एवढाच, आणि तो म्हणजेच एक्स८ की एक्स१६. ऑनलाइन मागवताना क्षमता आणि वेग पाहून थांबू नका, हा पूर्ण क्रमांक जुळवा.

राहिला क्षमतेचा प्रश्न. ६ जीबी ही सिनॉलॉजीने तपासून जाहीर केलेली मर्यादा आणि ८ जीबी ही इंटेलने जे४०२५ साठी जाहीर केलेली. प्रत्यक्षात या प्रोसेसरमधला, रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर त्याहून मोठी रॅम ओळखतो, हे असंख्य लोकांच्या यंत्रांवर दिसले आहे, आणि १६ जीबी घालून एकूण १८ जीबी मिळवणारेही पुष्कळ आहेत. पण तुमच्या कामाला १८ जीबीची गरजच नाही. घरात असलेली ८ जीबीची रॅम घालून एकूण १० जीबी करा, नीट तपासा आणि मगच तिच्यावर विसंबा. ती यंत्राला मानवली नाही तर ४ जीबीची घ्या. दुकानात आजच पैसे घालवायचे कारण नाही.

जुना नौपाडा

खाडीकिनारा ताईंनी तांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

लॅपटॉपमध्ये रॅमने दगा दिला तर तो अडखळतो, निळा पडदा दाखवतो, आणि आपल्या लगेच लक्षात येते. नॅसचे तसे नाही. तो कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे दिवसरात्र चालू असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि घरातला प्रत्येक फोटो डिस्कवर पोहोचण्याआधी रॅममधूनच जातो. रॅममधला एखादा बिट चुकीचा झाला तर तोच चुकीचा मजकूर दोन्ही डिस्कवर सारख्याच इमानाने लिहिला जातो. आरसाप्रत यापासून वाचवत नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही प्रती जुळतात. बीटीआरएफएस या फाइल प्रणालीची चेकसमही (मजकूर बदलला नाही ना हे पडताळायचा आकडा) वाचवत नाही, कारण मजकूर आधीच बिघडलेला असेल तर चेकसम त्या बिघडलेल्या मजकुराचीच काढली जाते. फोटो सात-आठ वर्षांनी उघडल्यावर अर्धा राखाडी दिसतो, आणि तोवर फोनमधली मूळ प्रत केव्हाच पुसलेली असते.

या यंत्रात ईसीसी नाही, म्हणजे अशी चूक पकडणारे दुसरे कोणी नाही. म्हणून ज्या यंत्रावर घरातल्या एकुलत्या एका प्रती आहेत, तिथे जाहीर मर्यादेच्या बाहेर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अधिकृत ४ जीबी महाग आहे हे मान्य, पण ती या बोर्डावर तपासलेली आहे आणि पुढे काही बिघडले तर कंपनीकडे तक्रार करताना हरकत येत नाही. बाहेरची रॅम असल्यास डीएसएम तशी सूचना दाखवते, आणि मदत मागितल्यावर आधी ती रॅम काढा असे सांगितले जाऊ शकते. एकूण ६ जीबीमध्ये तुमचे तीन कंटेनर सुखाने चालतील. फोटोंचा साठा पहिल्यांदाच धुंडाळला जात असेल तर चेहरे ओळखण्याचे काम सर्वात जड असते. ते एकदा उरकले की तो भारही उतरतो.

पारसिक

खरेदीबद्दल थोडेसे. रॅम नवीच घ्यायची ठरली तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, एक फेरी मारणे योग्य ठरते. ठाण्याहून दादरला गाडी बदलून पश्चिम मार्गाने सहज जाता येते. तिथे रॅम हातात घेऊन लेबल वाचता येते, चिप मोजता येतात, आणि तुमच्या प्रश्नात हीच गोष्ट सर्वात मोलाची आहे. जाताना यंत्राचे नाव सांगण्याऐवजी ‘डीडीआर४, लॅपटॉपची, १आरएक्स८, ईसीसी नसलेली’ एवढे कागदावर लिहून न्या, कारण नॅस म्हटले की काही दुकानदार सर्व्हरची महागडी रॅम काढून दाखवतात आणि ती तुमच्या उपयोगाची नसते. पावतीवर रॅमचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. यंत्रात चालली नाही तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा, आणि उत्तर होकारार्थी असेल तर तेही पावतीवर लिहून घ्या. सीलबंद पाकिटातली रॅम आणि वापरलेली, नुसतीच पुसून चकचकीत केलेली रॅम यांतला फरक सोनेरी पट्ट्यांवरच्या बारीक ओरखड्यांवरून कळतो.

खाडीकिनारा

जुना नौपाडा काका, तुमची काळजी रास्त आहे आणि बिघडलेल्या रॅमबद्दल तुम्ही लिहिलेला शब्द न शब्द मला मान्य आहे. मतभेद इतकाच, की मर्यादेच्या आतली नवी रॅमही सदोष निघू शकते आणि बोर्डावर सोल्डर केलेली २ जीबीसुद्धा. त्यामुळे जे काही घालाल त्याची कसून तपासणी आणि फोटोंची यंत्राबाहेर आणखी एक प्रत, या दोन गोष्टी रॅमच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाच्या. कोलशेतकरांनी बाहेरची प्रत ठेवलेली नसेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून त्यांनी आधी एक बाहेरची डिस्क घ्यावी. रॅमचे नंतर पाहता येईल.

कोलशेतकर

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या सविस्तर उत्तरांची खरोखरच अपेक्षा नव्हती.

रिसोर्स मॉनिटर पाहिला. सगळे कंटेनर चालू असताना ‘वापरात’ हा भाग बहुतेक वेळ वरच्या टोकाला असतो आणि रात्री फोटो उतरू लागले की स्वॅप वाढत जातो, म्हणजे टंचाई खरी आहे. फोटोंची एक प्रत यूएसबी डिस्कवर आहे, पण ती डिस्क कायम नॅसलाच जोडलेली असते. काकांचे म्हणणे वाचल्यावर दुसरी एक डिस्क घेऊन ती मुलुंडला बहिणीकडे ठेवायचे ठरवले आहे. ती तयार झाल्यावरच लॅपटॉपची ८ जीबी बसवून पाहीन, आणि तपासणीत जरा जरी शंका आली तरी अधिकृत ४ जीबी घेईन. बसवताना व तपासताना काय काळजी घ्यावी, तेवढे सांगावे.

खाडीकिनारा

क्रम अगदी योग्य धरला आहे.

यंत्र डीएसएममधूनच बंद करा, दिवे पूर्ण विझू द्या आणि मग वायर काढा. यूपीएस असेल तर नुसते भिंतीवरचे बटण बंद करून भागणार नाही, नॅसच्या मागची पिनच काढायची. दोन्ही ड्राइव्हच्या ट्रेवर पेन्सिलीने १ आणि २ लिहून ते बाहेर काढा. आतल्या बाजूच्या भिंतीवर स्लॉट दिसेल. रॅमला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. आपल्याकडच्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असला तरी तो संपत नाही, आणि वातानुकूलित खोलीत तर हवा कोरडीच असते. रॅम कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. लॅपटॉपमध्ये बरीच वर्षे राहिलेल्या रॅमच्या पट्ट्या काळवंडलेल्या असतील तर खोडरबराने घासायची आपल्याकडे सवय आहे, पण त्याचा भुसा स्लॉटमध्ये शिरतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. खाच जुळवून रॅम आत सरकवा आणि क्लिप बसल्याचा आवाज येईपर्यंत समान दाब द्या. अर्धवट बसलेली रॅम हे यंत्र सुरू न होण्याचे सर्वात नेहमीचे कारण असते.

सुरू केल्यावर नेहमीप्रमाणे एक बीप आली तर ठीक. निळा दिवा बराच वेळ लुकलुकतच राहिला, तर यंत्र बंद करून रॅम काढून पुन्हा बसवा. तरीही तेच झाले तर ती रॅम या यंत्राला मानवत नाही असे समजा. ती काढली की यंत्र २ जीबीवर पूर्ववत चालेल. डीएसएम उघडल्यावर कंट्रोल पॅनेलमधल्या इन्फो सेंटरमध्ये एकूण १० जीबी दिसायला हवी.

त्यानंतर फोटो उतरू देण्याआधी तपासणी करा. घरच्या संगणकावर सिनॉलॉजी असिस्टंट घालून त्याच्या सेटिंगमध्ये मेमरी टेस्ट सुरू करा आणि यादीतल्या तुमच्या नॅसवर ती चालवा. नॅस पुन्हा सुरू होऊन तपासणीला लागतो. ती कित्येक तास चालते आणि तेवढा वेळ कोणतीही सेवा मिळत नाही, म्हणून ती रात्री लावून घरच्यांना आधी सांगून ठेवा. पाय-होल त्याच यंत्रावर असल्यामुळे तोवर राउटरमध्ये दुसरा डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) घातला नाही तर घरातले इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटेल. तपासणीत एकही चूक निघाली तर ती रॅम परत वापरायची नाही, यात सवलत देऊ नका.

नेरुळवासी

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे डीएस९२३+ आहे आणि त्यातही लॅपटॉपची साधी डीडीआर४ रॅम घालायचा विचार होता. स्लॉट तर तसाच दिसतो.

जुना नौपाडा

नेरुळवासी, कृपया तसे करू नका. डीएस९२३+ मध्ये एएमडीचा रायझन आर१६०० आहे, त्यासोबत ४ जीबीची ईसीसी एसओ-डिम येते आणि दोन स्लॉट मिळून ३२ जीबीपर्यंतची जाहीर मर्यादा आहे. पिना २६०च असल्याने साधी रॅम दिसायला तशीच दिसते आणि बसतेही, पण चुका पकडून दुरुस्त करणारी जी सोय तुम्ही पैसे मोजून घेतली आहे, तीच तुम्ही घालवून बसाल. ईसीसी आणि बिनईसीसी रॅम एकत्र लावायच्याही नाहीत. ईसीसी रॅम ७२ बिटांची असते, त्यामुळे एका रँकच्या एक्स८ रॅमवर आठऐवजी नऊ मेमरी चिप दिसतात. घेताना त्या मोजा. सर्व्हरमध्ये लागणारी ‘रजिस्टर्ड’ ईसीसी लांब असते आणि ती इथे बसत नाही, म्हणून ‘ईसीसी, अनबफर्ड, एसओ-डिम’ असे तिन्ही शब्द सांगून मागा. एकूण १६ जीबी हवी असेल तर मूळची ४ जीबी काढून एकाच क्रमांकाच्या ८ जीबीच्या दोन घ्या, आणि ताईंनी वर सांगितलेली तपासणी तुमच्याही यंत्रावर करा.